पेढ्याचे बूट

२०१८ च्या नोव्हेंबरात मी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले, तेव्हा माझ्या दोन बॅगांत डिंक, खारीक, आळीव, सुंठ, बाळंतशेपा, वेखंड, दोन कुंच्या, सहा टोपडी आणि माझ्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची चार दुपटी होती. बाळाच्या पायमोज्यांसाठी लोकरीचे गुंडेही घेतले होते. ती लोकर पहिल्यांदा कुणाच्या पायांत जाणार आहे, याची मला अर्थातच कल्पना नव्हती.

लेकीचं घर मिनियापोलिसला. मिनेसोटा राज्यात, नोकोमिस नावाच्या तळ्यापासून चार गल्ल्या अलीकडे. घरात लेक, जावई आणि पेढा. पेढा म्हणजे त्यांचा कुत्रा. गोल्डन रिट्रीव्हर आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. रंग अगदी साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून हे नाव. वजन ३० किलो. मला हे आकडे सांगून कुणी धीर देत नव्हतं, उलट घाबरवतच होतं. कारण मी आठ वर्षांची असताना साताऱ्यात आमच्या वाड्यासमोरच मला कुत्रं चावलं होतं आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ज्यांनी ती घेतली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की मी पलीकडच्या बाजूला जाते. साठी उलटली तरी.

आणखी एक गोष्ट आहे. ती आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. २०१६ मध्ये लेकीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. मी तेव्हा जाऊ शकले नाही, यांची बायपास नुकतीच झाली होती. फोनवर रोज बोलायचो, पण फोनवरून पाठीवर हात फिरवता येत नाही. दीड महिन्याने तिने सांगितलं, आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलंय. आणि मी पटकन बोलून गेले, ‘‘मूल नाही म्हणून आता कुत्रं?’’ पलीकडून काही उत्तर आलं नाही. मग ती म्हणाली, ‘‘ठेवते आई, कुकर झालाय.’’ त्या वाक्याबद्दल आम्ही दोघी नंतर कधीच बोललो नाही. पण ते गेलं नव्हतं कुठे.

तर अशी मी आणि असा पेढा. डॉक्टरांनी लेकीला बर्फावर पाऊल टाकायचं नाही असं बजावलेलं. आधीचा अनुभव असल्यामुळे तीही घाबरलेली. जावई सकाळी सहाला बाहेर पडणार आणि परत येईपर्यंत अंधार. डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो हो! सकाळची आणि रात्रीची फेरी जावयांकडे होती, पण दुपारची कोण करणार? एका रविवारी जावई चाचरत म्हणाले, ‘‘आई, तुम्हाला जमेल का? नाही जमलं तर आपण माणूस लावू.’’ तिथे तासाच्या बोलीवर कुत्रं फिरवायला माणसं मिळतात. त्या तासाचे डॉलर ऐकून मी रुपयांत हिशेब केला आणि म्हटलं, ‘‘जमेल.’’ भीतीपेक्षा काटकसर मोठी ठरली, ती अशी.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. पेढा माझ्यापेक्षा शहाणा होता. पट्टा ओढायचा नाही, अंगावर यायचा नाही. मी पट्टा हात लांब करून धरायचे, जणू शेजारच्यांचं कार्टं तात्पुरतं सांभाळायला घेतलंय. मग डिसेंबरात बर्फ पडलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. एका दुपारी उणे १८ अंश तापमान होतं, त्यांच्या भाषेत बरोबर शून्य फॅरनहाइट. ऊन लख्ख. तळ्याच्या काठाने आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर पेढा लंगडायला लागला. आधी मागचा डावा पाय, मग पुढचा. आणि मग तो मधोमध बसला. ओढलं तरी उठेना. माझ्याकडे बघून बारीक कुंईकुंई करायला लागला.

आजूबाजूला चिटपाखरू नाही. फोन काढला तर थंडीने त्याची बॅटरीच मान टाकलेली. तेवढ्यात समोरून आमच्या समोरच्या घरातली म्हातारी आली. सत्तरी ओलांडलेली, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची नात. एरवी आमचं ‘हॅलो’पुढे काही गेलं नव्हतं. तिने खाली वाकून पेढ्याचा पंजा उलटा केला आणि मला दाखवला. बोटांच्या मधल्या केसांत बर्फाचे गोळे झाले होते. लहान नाहीत, चांगले आवळ्याएवढे! चालताना ते पायाच्या गादीत रुतत होते. आपल्या चपलेत खडा जावा तसं, पण प्रत्येक पायात तीन-तीन खडे, आणि तेही केसांना घट्ट चिकटलेले.

मी ते ओढून काढायला बोट पुढे केलं, तशी ती ‘नो, नो’ म्हणाली. ओढलं तर केस उपटतात, कातडी सोलते. तिने हातमोजा काढला आणि पंजा दोन्ही तळहातांमध्ये धरला. नुसता धरून ठेवला. दोन पाय तिने घेतले आणि मला खुणेने सांगितलं, उरलेले दोन तुझे.

मैत्रिणींनो, माझा हात त्या क्षणी कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. हातमोजा काढल्यावर थंडी अशी चावली की १४ इंजेक्शनं परवडली. पंजा हातात घेतला. वरून बर्फाळ आणि आतून, गादीच्या मधोमध, कोमट. मला त्याचंच आश्चर्य वाटलं. पाच मिनिटांनी पाणी ठिबकायला लागलं, गोळे सैल होऊन एकेक करून निघाले. पेढ्याने तेवढ्या वेळात काय केलं असेल? माझ्या कोटाच्या बाहीवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले.

घरी येऊन लेकीला सांगितलं तेव्हा तिने कपाटातून एक पिशवी काढली. त्यात पेढ्याचे चार लाल बूट होते. ‘‘अगं, घालू देत नाही तो,’’ ती म्हणाली. म्हणून पडून होते. मला वाटलं, आपण लोकरीचे विणू, मऊ असतात, घालू देईल. दोन दिवस खपून चार मोजे विणले. लेकीच्या बाळाच्या आधी कुत्र्याच्या पायांसाठी सुया धरल्या, हे पुण्यात माझ्या भिशीत सांगितलं असतं तर! पण ते मोजे दहा मिनिटांत निकालात निघाले. लोकरीला बर्फ केसांसारखंच चिकटतं, वितळून आत मुरतं आणि ओला मोजा म्हणजे उघड्या पायापेक्षा वाईट. बर्फावर चालायला बाहेरून गुळगुळीत, पाणी न शोषणारं कापडच लागतं. अलास्कात इडिटरॉड नावाची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची मोठी शर्यत असते, अँकरेज ते नोम, साधारण हजार मैलांची, १९७३ पासून चालू आहे. तिच्या नियमांत गाडीवानाने प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगलेच पाहिजेत असं आहे. पायांत चार आणि वरकड चार. तेही साध्या जाड नायलॉनच्या कापडाचे, मनगटाशी चिकटपट्टी लावलेले. जे कुत्रे बर्फातच जन्मले, त्यांना जर बूट लागतात, तर आमचा पेढा म्हणजे दिवाणखान्यातला.

मग आम्ही लाल बुटांची शिकवणी सुरू केली. आधी एकच बूट, घरातच, दोन मिनिटं. घातला की चिकनचा तुकडा. पेढा तो पाय हवेत धरून असा उभा राहायचा, जणू शेणात पडलाय. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी चारही घातले, तेव्हा तो उंच टाचांची चप्पल पहिल्यांदा घातलेल्या मुलीसारखा पाय उचलउचलून दिवाणखान्यात फिरला. लेक हसून हसून पोट धरून बसली. फार दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं. बुटांची मेख पट्टीत असते. सैल बांधली तर बूट वाटेत गळतो आणि आवळली तर रक्त अडतं, मग पंजा जास्तच गारठतो. बोट आत सरकेल इतपतच बांधायची. आणि फिरून आल्यावर लगेच काढायचे, कारण कुत्र्याला घाम येतो तो पंजालाच, आत ओल धरते.

बूट असूनही पायांचं बाकीचं करावंच लागतं. गादीच्या खाली लोंबणारे बोटांमधले केस गादीच्या पातळीला कापायचे, त्यापेक्षा आत कात्री घालायची नाही. नखं वाढू द्यायची नाहीत, ती वाढली की बोटं फाकतात आणि फटीत जास्त बर्फ भरतं. हे काम जावई करायचे, मी टॉर्च धरायची. बाहेर जाण्याआधी गादीला मेणाचं मलम. मी माझ्या टाचांच्या भेगांसाठी कोकमतेलाची वडी नेली होती. कोकणातल्या प्रत्येक घरात असते तशी. मला वाटलं, आपल्या पायांना चालते ती त्याच्याही चालेल. पण पेढ्याच्या डॉक्टरीणबाईंनी वास घेऊन पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या की, हे काय आहे ते मला माहीत नाही आणि तो ते चाटणार हे मला माहीत आहे. तेव्हा नको. मलम असं हवं की चाटलं तरी पोटात गेल्यावर अपाय होणार नाही. कोकमतेल मी माझ्याच टाचांना लावत राहिले.

या बाईंकडे आम्ही का गेलो, ते सांगायचं टाळत होते. पण सांगायला हवं.

बर्फ पडलं की तिथे रस्त्यांवर आणि फुटपाथवर मीठ टाकतात. घरापुढचा फुटपाथ मोकळा करणं ही घरमालकाची जबाबदारी, बर्फ थांबल्यापासून २४ तासांत. त्यामुळे जो तो मिठाचं पोतं घेऊन बसलेला. आपल्याकडे मीठ म्हणजे चिमूट, तिथे फावड्याने. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही, मग त्याहून कडक क्षार टाकतात. त्यातला कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडतो. कुत्र्याच्या बोटांच्या फटीत तो अडकला, तिथलं बर्फ वितळलं की अक्षरशः भाजतं. वर कुत्रं ते चाटून काढतं, म्हणजे मीठ पोटात. गाड्यांच्या रेडिएटरमधलं गोठणरोधक द्रव्य त्याहून भयंकर. ते गोडसर लागतं, कुत्रं चाटतं आणि थोडंसंही मूत्रपिंड निकामी करायला पुरतं. गॅरेजसमोर रंगीत डबकं दिसलं की पट्टा आखूड करायचा, हे मला जावयांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि हेही सांगितलं होतं की, घरात आल्यावर दारातच पेढ्याचे पाय कोमट पाण्यात बुडवून धुवायचे, बोटांच्या फटी पुसायच्या. त्यासाठी दाराशी एक टब ठेवलेला होता.

आमच्या साताऱ्याच्या घरी ओट्यावर पाण्याची बादली आणि तांब्या कायम भरलेला असायचा. बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे, टाचा घासायच्या, मगच उंबऱ्याच्या आत. आईचा तो नियम सोवळ्याहून कडक होता. मी लेकीला तोच शिकवला. आणि जानेवारीतल्या त्या दुपारी मीच तो मोडला. पेढ्याने एक बूट वाटेत गाळला, तळ्याजवळच्या बर्फात कुठेतरी. बाकीचे तीनही मग मी वैतागून काढले आणि तसाच त्याला फुटपाथवरून घरी आणला. घरात शिरते तर पुण्याहून यांचा व्हिडिओ कॉल. बोलत बसले. टबातलं पाणी तसंच राहिलं.

तासाभराने पेढा पाण्याच्या भांड्याशी गेला तो हलेचना. भांडं संपवलं, दुसरं संपवलं. मग गालिच्यावर ओकला. परत ओकला. पुढच्या पंजाला फटीत भेग पडून रक्त येत होतं आणि तो तिथे चाटतच होता, चाटतच होता. लेक आठव्या महिन्याचं पोट सावरत जिना उतरून आली. जमिनीवर बसायला तिला मनाई होती, तरी बसली. त्याचा पंजा हातात घेतला आणि मला विचारलं, ‘‘पाय धुतले होतेस?’’

मी गप्प.

‘‘तुला तो नकोच होता, माहीत आहे मला,’’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘‘पण तू नव्हतीस तेव्हा तो होता, आई.’’

जावई धावत आले, पेढ्याला गाडीत घातलं. मीही गेले, कुणी म्हटलं नव्हतं तरी. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सलाइन लावलं, पंजा धुऊन पट्टी केली. फार मीठ पोटात गेलं तर झटके येतात, मेंदूला सूज येते. पेढ्याचं तिथवर गेलं नव्हतं. रात्री त्याला परत आणला. त्या तीन तासांत त्यांनी मला पाय कसे धुवायचे ते शिकवलं. हो, ६३ व्या वर्षी. पाणी कोमटच हवं, गरम नको, कारण गारठलेल्या पायाला गरम पाण्याने इजा होते. नुसतं बुडवून भागत नाही, बोट घालून प्रत्येक फट चोळायची. मग कोरडं करायचं, कारण ओल राहिली तर कातडी फुटते. आणि पोटाखालचे केस विसरायचे नाहीत, चालताना खारट चिखल तिथेही उडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या लुगड्याच्या चार दुपट्यांपैकी एक काढलं आणि त्याचे तुकडे केले. जुन्या सुताइतकं पाणी कोणताही टॉवेल शोषत नाही. लेक बघत होती. ‘‘अगं, पणजीचं लुगडं ना ते? बाळाचं?’’

‘‘बाळाला तीन पुष्कळ झाली,’’ मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं आमचं त्या विषयावर. मूळ वाक्याची माफी मी मागितली नाही. आमच्या पिढीला ते येतच नाही बहुतेक. पण त्या दिवसापासून दुपारीच नव्हे, रात्रीच्या फेरीनंतरही पाय मीच धुवायची.

केसांचीही एक गंमत सांगते. बाळ येणार, घरभर केस, म्हणून जावयांच्या मनात होतं पेढ्याला बारीक कातरून आणावं. कुत्र्याचे केस कापणाऱ्या मुलीनेच ते उडवून लावलं. या जातीला दोन थर असतात. वरचे लांब केस पाणी अडवतात, खालची मऊ लव ऊब धरते. थंडीत ते कापायचं म्हणजे जानेवारीत रजई काढून घेण्यासारखं. मात्र केसांत गुंता झाला की तीच लव दबून जाते, हवा धरत नाही, मग रजई असून नसल्यासारखी. म्हणून रोज विंचरायचं. भिजला तर कोरडा केल्याशिवाय परत बाहेर न्यायचं नाही, ओल्या केसांची ऊब जाते. अंघोळी कमी, कारण कातडीचं तेल निघून जातं आणि हीटरच्या कोरड्या हवेत आधीच खाज सुटलेली असते. पोटाखालच्या झालरीला बाहेर बर्फाचे मणी लोंबतात, ते विंचरून काढायचे नाहीत, घरात आणून वितळू द्यायचे. मी रोज संध्याकाळी पेढ्याला विंचरत बसायचे. लेकीच्या दोन वेण्या मी बारावीपर्यंत घातल्या, तो हात विसरला नव्हता.

मग आली ३० जानेवारी २०१९. त्या दिवशी मिनियापोलिसचं तापमान उणे ३३ अंशांवर गेलं. वारा धरला तर त्याहून कितीतरी खाली. शाळा बंद, टपालही वाटलं नाही. तिकडे टपाल बंद म्हणजे काय ते आपल्याला कळणार नाही, आपल्याकडे मुंबईत पाणी तुंबून लोकल बंद होतात तसं समजा. कुत्र्याला मात्र विधी चुकत नाहीत. जावयांनी मागच्या अंगणात बर्फ उपसून खाटेएवढी जागा मोकळी केली. पेढ्याला बूट, अंगात कोट, मीही चार थर घातलेली. दोन मिनिटांत तो एकेक पाय आळीपाळीने उचलायला लागला. ही खूण ओळखायची. पाय उचलणं, थरथरणं, चालता चालता थांबणं, म्हणजे आता आत. कानांची टोकं आणि शेपटीचं टोक आधी गोठतं. तिथली कातडी फिकट किंवा करडी, थंडगार आणि कडक लागली तर चोळायचं नाही, हळूहळू ऊब द्यायची आणि डॉक्टर गाठायचा.

तळ्यावरच्या त्या दुपारी पंजा आतून कोमट का लागला, याचं उत्तर मला नंतर मिळालं. जपानमधल्या यामाझाकी गाकुएन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ते दाखवून दिलं. कुत्र्याच्या पंजात हृदयाकडून येणारं गरम रक्त नेणाऱ्या धमन्या आणि गारठलेलं रक्त परत नेणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी बिलगून असतात. गरम रक्त आपली ऊब जाता जाता गार रक्ताला देतं. त्यामुळे परत जाणारं रक्त शरीर गारठवत नाही आणि पंजाही गोठत नाही. दारात दोन बायका भेटाव्यात, एकीने जाताना आपली शाल दुसरीच्या खांद्यावर टाकावी, तसं. पण ही सोय थंडीपुरती. मीठ, धारदार बर्फ आणि बोटांतले गोळे यांच्यावर निसर्गाने काही तोड काढलेली नाही. ते आपण पाहायचं.

त्यानंतर चारच दिवसांनी लेकीला हॉस्पिटलात नेलं. दोन रात्री घरात मी आणि पेढा. फेब्रुवारीत तिथे ३९ इंच बर्फ पडलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा बर्फाळ फेब्रुवारी त्या शहराने पाहिला नव्हता. पहाटे पाचला मी एकटी बूट घालत होते, आधी त्याचे चार, मग माझे दोन. नवीन जोड आणला होता तोवर. शेजारची म्हातारी खिडकीत दिवा लावून बसायची आणि आम्ही परत आलेलं बघून दिवा घालवायची. मी पडले तर कुणालातरी कळावं म्हणून. तिने तसं सांगितलं नाही, मला आपलं समजलं. आम्हीही तिच्याकडून शिकून आमच्या दारात मिठाऐवजी वाळू टाकली. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही आणि पंजाही भाजत नाही. तिथल्या प्रदूषण नियंत्रण विभागाचं म्हणणं असं की, चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं. आणि वीस फुटी गाडीवाटेला कॉफीचा एक मगभर मीठ पुरतं. लोक टाकतात पोतं!

नात घरी आली त्या दिवशी पेढ्याचे पाय मी दोनदा धुतले. लेकीने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि तो येऊन दुपट्याचा वास घेत राहिला. बाळाच्या की पणजीच्या लुगड्याच्या तुकड्यांचा ओळखीचा, कोण जाणे. मी त्याला हाकललं नाही. लेकीने ते पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आई, त्याला हात लाव ना एकदा. नुसता. पाय धुवायला नाही.’’ लावला.

एप्रिलअखेर मी परतले. पुण्यात उतरले तर ४० अंश. दुपारी भाजी घेऊन येताना पाहिलं, आमच्या सोसायटीचं पांढरं कुत्रं तापलेल्या डांबरावरून एकेक पाय उचलत चाललं होतं. तीच चाल. मी खाली वाकून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवली, सात सेकंद मोजायचे असतात. चार मोजायच्या आत हात उचलला. आता आमच्या सोसायटीत दोन हस्की आहेत. एवढी दुहेरी लोकर अंगावर घेऊन ती बिचारी पुण्यात काय करतात, हे त्यांच्या मालकांना विचारायचं माझ्या मनात आहे. तोवर मी निदान एवढं सांगते की, दुपारी बारा ते पाच त्यांना रस्त्यावर आणू नका, आणि नाहीच राहवलं तर आधी आपला हात टेकवा. दोघींपैकी एक ऐकते.

तळ्याकाठी हरवलेला लाल बूट सापडला बरं का. मी निघायच्या आदल्या आठवड्यात, बर्फ वितळल्यावर. चिखलात उलटा पडला होता, रंग उडालेला, पट्टी मात्र शाबूत. लेकीला वाटतं तो गेलाच. नात आता शाळेत जाते आणि पेढ्याचे पाय तीच धुते, तो म्हातारा झालाय, जिना चढवत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर ती त्याला बूट घालत होती आणि एक सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. मी इकडून ओरडून सांगत होते, ‘‘अगं, आधी मागच्या पायांचे घाल, म्हणजे तो बसत नाही.’’ माझ्या कपाटात, लोकरीच्या त्या चार मोज्यांशेजारी, पाचवा बूट आहे, हे काही मी अजून सांगितलेलं नाही.